मोडेन पण वाकणार नाही

आपल्या मैदानाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, रोज संध्याकाळी आठ-दहा जण धनुष्य घेऊन उभे असतात. मेसकडे जाणारे जाता जाता हमखास विचारतात, "काय अर्जुनराव, पोपटाचा डोळा दिसला का?" आम्हीही हसून घेतो. पण खरं सांगायचं तर आमच्या डोक्यात त्या वेळी पोपट नसतो, डोळाही नसतो. डोक्यात असतात मिलिमीटर, ग्रॅम आणि पौंड. तिरंदाजी हा पुराणातला खेळ वाटतो, पण तो खेळायला लागलं की दुसऱ्या वर्षाचा स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचा पेपर पुन्हा द्यावा लागतो. फरक एवढाच की इथे एटीकेटी नाही, बाण सरळ गवतात जातो.

यंदा जिमखान्याच्या मीटिंगमध्ये एक प्रश्न आला. नवे बाण घ्यायचे आहेत, तर सगळे कार्बनचेच घ्यावेत का? बहुतेकांचं मत पडलं की ॲल्युमिनियम जुनं झालं, कार्बन हलकं, वेगवान आणि आधुनिक, मग विचार कसला करायचा? मी स्वतः गेल्या वर्षी रिकर्व्ह धनुष्यावर ॲल्युमिनियमकडून कार्बनकडे आलो. त्या वेळी जे शिकलो, वर्कशॉपमध्ये आणि लॅबमध्ये जे तपासून पाहिलं, ते इथे मांडतो. ज्यांनी आयुष्यात धनुष्य हातात धरलेलं नाही त्यांनाही कळेल असं लिहिण्याचा प्रयत्न आहे.

बाणालाही कणा असतो

आमच्या जुन्या बाणांवर १८१६ असा आकडा छापलेला आहे. कित्येकांना ते कंपनीचं मॉडेल वाटतं. प्रत्यक्षात तो नळीचा पूर्ण पत्ता आहे. पहिले दोन अंक म्हणजे बाहेरचा व्यास, एका इंचाच्या चौसष्टाव्या भागात: १८ भागिले ६४ इंच, म्हणजे ७.१४ मि.मी. पुढचे दोन अंक म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात: ०.०१६ इंच, म्हणजे साधारण ०.४१ मि.मी. एवढ्या पातळ नळीवर आपण सगळा भरवसा ठेवतो.

कार्बनच्या बाणावर मात्र ५००, ६००, ७५० असे आकडे असतात. हा त्याचा 'स्पाइन', म्हणजे कणा किती ताठ आहे त्याचं माप. बाण २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायचा, मधोमध ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं, आणि तो किती वाकला ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. पाऊण इंच वाकला तर स्पाइन ७५०. इथे एक गंमत लक्षात ठेवा : आकडा मोठा म्हणजे बाण लवचीक, आकडा लहान म्हणजे बाण ताठ. दुकानात इथेच गोंधळ होतो.

आता हा प्रयोग कुठे पाहिल्यासारखा वाटतो का? दोन टेकू, मधोमध भार... अहो, हा तर आपला सिंपली सपोर्टेड बीम! डब्ल्यू एल क्यूब बाय फॉर्टी-एट ई आय. मी १८१६ च्या नळीचा आय काढला तो आला सुमारे ४९ मि.मी. घात चार. ॲल्युमिनियमचा ई ७० गिगापास्कल धरला. उत्तर आलं १८.९ मि.मी. मग लॅबमधल्या काकांना गळ घातली, डायल गेज लावला, ८८० ग्रॅम टांगले. काटा १९ च्या आसपास थांबला. काका म्हणाले, "एवढं प्रॅक्टिकल सबमिशनच्या वेळी मन लावून केलं असतंस तर!" पण वहीतलं सूत्र हातातल्या वस्तूला असं तंतोतंत लागू पडलेलं पाहण्याचा आनंद काही वेगळाच.

म्हणजे माझ्या १८१६ ला कार्बनमधला जोडीदार साधारण ७५० चा. मग झालं की! तोच कणा, वजन कमी. उचलायचा आणि लावायचा. एवढं सोपं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

बाण सरळ निघत नाही

रिकर्व्ह धनुष्यात बाण हँडलच्या बाजूला टेकलेला असतो आणि स्ट्रिंग बोटांवरून घसरून सुटते. त्यामुळे स्ट्रिंग आधी जराशी बाजूला सरकते, मागून जोराचा धक्का बसतो, आणि बाण कॉलमसारखा वाकतो. मग उलट्या बाजूला वाकतो. अशी नागमोडी करत, धनुष्याला वळसा घालून तो बाहेर पडतो. याला तिरंदाजीत 'आर्चर्स पॅराडॉक्स' म्हणतात. स्लो मोशनमध्ये पाहिलं तर हा बाण आहे की मासा असा प्रश्न पडतो.

माझ्या ३० पौंडांच्या धनुष्यावर स्ट्रिंग बाणाला ढकलते ती साधारण एक पन्नासांश सेकंद. तेवढ्या वेळात बाणाची एखाद-दीड हेलकावणी होते. त्याची शेपूट हँडलजवळून जाताना बाण नेमका बाहेरच्या बाजूला वाकलेला असला पाहिजे. तसा नसला तर शेपूट हँडलला घासते आणि बाण भरकटतो.

आता हेलकाव्याचा वेग कशावर ठरतो? ताठपणा भागिले दर मीटरचं वजन, त्याचं वर्गमूळ. १८१६ ची नळी मीटरला साधारण २४ ग्रॅम. तेवढ्याच ताठपणाची कार्बनची नळी मीटरला १५ ग्रॅमच्या आसपास. २४ भागिले १५ चं वर्गमूळ काढा : सव्वापट! म्हणजे स्पाइनचा आकडा तोच असला तरी कार्बनचा बाण सव्वापट लवकर हेलकावतो. टेबलावर दोघे जुळे भाऊ, धनुष्यावर मात्र वेगळी माणसं. म्हणून कोष्टकातला आकडा ही फक्त सुरुवात. उरलेलं जुळवून घ्यावं लागतं.

वजन, वेग आणि एक मीटरचा फरक

माझा टोकासकट पूर्ण तयार ॲल्युमिनियमचा बाण भरला २५ ग्रॅम, कार्बनचा १९ ग्रॅम. धनुष्यात साठलेली ऊर्जा तीच. पण सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही. काही भाग लिंब्स आणि स्ट्रिंग स्वतः हलण्यात खर्च होतो. माझ्या धनुष्याची ऊर्जा ३३ ज्यूल आणि हलणाऱ्या भागांचं हिशोबापुरतं वजन १० ग्रॅम धरलं, तर पहिल्या बाणाचा वेग येतो सेकंदाला सुमारे ४३ मीटर, दुसऱ्याचा सुमारे ४८. दहा टक्के वाढ. वजन मात्र चोवीस टक्के कमी झालेलं. बाण जितका हलका, तितकी जास्त ऊर्जा मागे धनुष्यातच राहते आणि लिंब्सना धक्का देते. म्हणूनच अति हलका बाण लावू नये, आणि बाण न लावता स्ट्रिंग तर कधीच सोडू नये. सर्वसाधारण नियम असा की दर पौंडाला निदान ५ ग्रेन वजन हवंच. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. माझा १९ ग्रॅमचा बाण या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आहे, म्हणून निश्चिंत.

दहा टक्के वेगाने काय होतं? ५० मीटरवर पहिला बाण पोचतो १.१५ सेकंदात, दुसरा १.०५ सेकंदात. हवेचा रोध सोडून दिला तर तेवढ्या वेळात पहिला साडेसहा मीटर खाली येतो, दुसरा सुमारे ५.४ मीटर. एका मीटरपेक्षा जास्त फरक! म्हणजे जुन्याच साइटवर नवा बाण मारला तर तो बटच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे जाणार. तेव्हा पहिल्या दिवशी जवळून, अगदी दहा मीटरवरून सुरुवात करायची. आणि नियम पाठ करायचा : बाण जिकडे जातो, तिकडे साइट न्यायची. बाण वर गेला की साइट वर.

याचा खरा फायदा लांबच्या अंतरावर आहे. रिकर्व्हची ऑलिंपिक स्पर्धा ७० मीटरवर होते. कमी पौंडाचं धनुष्य आणि जड बाण असला की साइट खाली आणता आणता पट्टी संपते, तरी बाण पोचत नाही. तिथे कार्बन खरोखर मदत करतो.

वाऱ्याबद्दल एक गैरसमज

"कार्बन हलका, म्हणून वाऱ्यात चांगला" हे वाक्य मी मैदानावर पन्नास वेळा ऐकलं असेल. जरा विचार करा, हलकी वस्तू वाऱ्यात कमी उडते का? कागद आणि दगड आठवा. वाऱ्याला बाणाची जाडी दिसते आणि बाणाचं वजन त्याला विरोध करतं. माझ्या दोन्ही बाणांची जाडी भागिले वजन काढलं तर उत्तर जवळजवळ सारखंच आलं. थोडा फायदा झाला तो वेगामुळे, म्हणजे हवेत कमी वेळ राहिल्यामुळे.

खरा फायदा असतो तो बारीक आणि तरीही वजनदार बाणाचा. अशी चीज बनवता येते, कारण कार्बनचे धागे ॲल्युमिनियमपेक्षा ताठ असतात, त्यामुळे कमी जाडीतही कणा टिकतो आणि पुढे जड टोक लावता येतं. ईस्टन कंपनीचा एक्स-टेन हा बाण १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी आला तो याच विचाराने. तो नुसता कार्बनचा नाही. आत ॲल्युमिनियमची पातळ नळी, तिच्यावर कार्बन, आणि शाफ्ट मधे किंचित फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. म्हणजे 'ॲल्युमिनियम विरुद्ध कार्बन' असं भांडण आपण लावतो, तिकडे दोघांचा संसार सुखाने चालू आहे!

आणि ॲल्युमिनियम जुनं झालं म्हणाल तर इनडोअर स्पर्धा बघा. तिथे अंतर १८ मीटर, वारा नाही. बाण रेषेला नुसता टेकला तरी वरचा गुण मिळतो. मग बाण जितका जाड तितकं बरं. आंतरराष्ट्रीय नियमात शाफ्टची जाडी ९.३ मि.मी.पर्यंत चालते, आणि २३ भागिले ६४ इंचाची ॲल्युमिनियमची नळी ९.१३ मि.मी. भरते. मोठमोठे खेळाडू हिवाळ्यात असे जाड बाण आवडीने वापरतात. वस्तू जुनी किंवा नवी नसते, ती त्या कामाला योग्य किंवा अयोग्य असते. हे वाक्य व्हायवात चालेल की नाही माहीत नाही, पण मैदानावर चालतं.

बदल करायचाच तर क्रम असा

माझा अनुभव असा की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या की सुधारणा कशामुळे झाली ते देवालाही सांगता येत नाही.

१. आधी नॉक बघा. नवा नॉक स्ट्रिंगवर 'टक्' करून बसला पाहिजे. बाण खाली लोंबकळत ठेवून स्ट्रिंगवर टिचकी मारली की सुटला पाहिजे. फार घट्ट किंवा फार सैल असेल तर स्ट्रिंगवरचा दोरा बदलून गुंडाळा.

२. मग प्लंजर. माझा जुना बाण ७.१४ मि.मी. जाड होता, नवा ५.६. त्यामुळे बाणाचा मध्य हँडलकडे पाऊण मि.मी. सरकला. तेवढंच प्लंजर बाहेर घ्यावं लागलं. रेस्टची तारही बारीक बाणाला बेताची करून घ्या.

३. शाफ्ट लगेच कापू नका. लांब बाण जास्त लवचीक वागतो, कापला की ताठ होतो. कापता येतं, जोडता येत नाही. म्हणून थोडा लांब ठेवून चाचणी करा, मग अर्धा-पाव इंच करत खाली या.

४. चाचणी म्हणजे बेअर शाफ्ट. १८-२० मीटरवरून तीन पिसांचे बाण मारा आणि दोन बिनपिसांचे. पिसं चुका झाकतात, उघडा शाफ्ट खरं बोलतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा उघडा शाफ्ट ग्रुपच्या डावीकडे गेला तर बाण ताठ पडतोय : टोक जड करा किंवा प्लंजरची स्प्रिंग सैल करा. उजवीकडे गेला तर बाण मऊ पडतोय : टोक हलकं करा, स्प्रिंग घट्ट करा किंवा शाफ्ट थोडा कापा. वर गेला तर स्ट्रिंगवरचा नॉकिंग पॉइंट वर सरकवा, खाली गेला तर खाली. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट वाचावं.

५. कापायचं काम हॅकसॉ किंवा पाइप कटरने करू नका, धागे फाटतात. वेगाने फिरणाऱ्या ॲब्रेझिव्ह चाकावर, तोंडाला मास्क लावून आणि हवा खेळती ठेवून कापा. ही धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये. टोक बसवताना शाफ्टला ज्योत दाखवू नका, आतलं रेझिन जळतं. फक्त टोक गरम करा.

मोडेन पण वाकणार नाही

आता या लेखाच्या नावाकडे येतो. ॲल्युमिनियम वाकतं. गेटच्या खांबाला आपटलं, कोणी पाय दिला, तर बाण वाकडा होतो आणि टेबलावर फिरवून बघितलं की लगेच कळतं. तो बाजूला काढायचा, जमलं तर सरळ करायचा. बिचारं तोंडाने सांगतं की मला लागलंय.

कार्बनचा बाणा वेगळा : मोडेन पण वाकणार नाही. तो एकतर सरळ असतो किंवा गेलेला असतो. मधली अवस्था डोळ्यांना दिसत नाही. दुसऱ्या बाणाचा धक्का बसला, बटच्या लाकडी चौकटीला लागला, तर आत धागे सुटतात, लांबीच्या दिशेने बारीक चीर जाते, आणि वरून बाण जसाच्या तसा चकचकीत. असा बाण पुन्हा धनुष्यावर चढवला तर स्ट्रिंगच्या धक्क्याने तो हातातच फुटू शकतो आणि सुईसारखे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. एक्स-रेमध्ये हे धागे सहज दिसतही नाहीत.

म्हणून नियम : प्रत्येक वेळी मारण्याआधी बाण तपासायचा. दोन्ही टोकांना धरायचा, तोंडापासून आणि शेजाऱ्यापासून लांब, इंच-दोन इंच वाकवायचा आणि कान द्यायचा. थोडा फिरवून पुन्हा, असं पूर्ण फेरीत चार-सहा वेळा. मग दोन्ही हातांनी उलटसुलट पिळून बघायचं. 'कट्' असा आवाज आला, बोटाला खडबड लागली किंवा बाण सैल वाटला, तर तिथेच मोडून टाकायचा. हो, मोडूनच. नुसता बाजूला ठेवला तर संध्याकाळी अंधारात कोणीतरी "हा चांगला दिसतोय" म्हणून उचलतो. गेल्या सत्रात आमच्या डब्यातल्या एका बाणाने असा आवाज केला. दिसायला तो सगळ्यात नवा होता.

कोणी बदलावा?

पहिल्या वर्षाचा एक मुलगा आमच्यात आहे. गडचिरोलीकडचा, शाळेत बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळून आलेला. निवड चाचणीच्या महिनाभर आधी तो खोलीवर आला.

"दादा, स्कॉलरशिप जमा झालीय. कार्बनचे बाण घेऊ का? बाबा म्हणाले, एकदाच काय ते नीट घे."

"सध्या पाउंडेज किती?"

"जुलैत चोवीस होतं, आता अठ्ठावीस. कोच सर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत चौतीस करू."

"आणि ड्रॉ लेंथ?"

"ती पण वाढतेय. खांदा आता नीट मागे जातोय ना."

उत्तर त्याच्या बोलण्यातच होतं. आज अठ्ठावीस पौंडाला जुळणारा बाण घेतला तर चौतीस पौंडाला तो मऊ पडणार. आज कापलेला शाफ्ट उद्या ड्रॉ लेंथ वाढली की आखूड होणार, आणि आखूड बाण रेस्टवरून मागे घसरून हातात जाण्याचा धोका असतो. म्हणजे वर्षभरात सगळे पैसे पुन्हा. त्याची वही पाहिली. ३० मीटरवर त्याचे बाण विखुरत होते ते सगळे सहाव्या फेरीनंतर. हा बाणाचा दोष नव्हता, थकव्याचा होता.

त्याने क्लबचेच ॲल्युमिनियमचे बाण ठेवले. सहा सारखे सरळ बाण निवडले, त्यांना नवी पिसं लावली, बेअर शाफ्टची चाचणी केली आणि महिनाभर सकाळी व्यायाम केला. चाचणीत तो चौथा आला, संघात गेला. स्कॉलरशिप अजून बँकेत आहे.

तेव्हा जिमखान्याच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. शिकणाऱ्यांसाठी, जिथे एक डबा दहा जण वापरतात, तिथे ॲल्युमिनियमच ठेवावं. ते स्वतःची दुखापत लपवत नाही. ज्यांचं पाउंडेज आणि ड्रॉ लेंथ सहा महिने स्थिर आहे आणि जे ५० किंवा ७० मीटरवर खेळतात, त्यांनी कार्बन घ्यावा. तो त्या एका माणसाच्या मापाचा असावा, त्यावर त्याचं नाव असावं, आणि तो दुसऱ्याने उचलू नये. चपला आणि चष्मा आपण उसना घेत नाही, तसंच. शिवाय डब्याच्या झाकणावर तपासणीची पद्धत मराठीत लिहून चिकटवावी. हे काम मी अंगावर घेतो.

शेवटी प्राध्यापक मंडळींना एक विनंती. डिफ्लेक्शनचा धडा शिकवताना एखाद्या संध्याकाळी वर्ग टाकीजवळ आणा. बीम, कॉलम, कंपन, कंपोझिट्स, सगळा अभ्यासक्रम तिथे साठ फुटांवर उभा आहे. आणि मित्रांनो, तुम्हीही या. पोपट नाही मिळणार, पण आपण सोडवलेलं गणित हवेतून जाऊन पिवळ्या वर्तुळात रुतताना बघायला मिळेल. येताना बूट घाला, बाणाच्या रेषेत उभे राहू नका, आणि बाण उपसणाऱ्याच्या मागे तर मुळीच नाही!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी